पिवळ्या कागदावरचे बारा सेंट

मुलुंडला आमच्या गल्लीत शरच्चंद्र नवलकर पोस्टाची जुनी तिकिटं जमवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो फक्त लायबेरियाचीच जमवतो हे थोड्यांना ठाऊक होतं, आणि लायबेरिया आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे हे बहुधा आम्हा दोघांनाच. मलाही ते त्यानंच सांगितलं होतं. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, आणि शोधल्यावर ती खरंच चूक आहे की आपलंच काही चुकतंय, या विचारात अर्धा तास घालवायचा, असा माझा स्वभाव. शरच्चंद्र अगदी उलटा. त्याला कशाचीच शंका येत नसे.

तो बॅलार्ड पियरला एका जहाज कंपनीच्या कचेरीत होता. त्याच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मुंबई बंदरात लायबेरियाचं निशाण लावलेली जहाजं येऊ लागली. मालक ग्रीक, खलाशी कुठले कुठले, आणि निशाण तेवढं लायबेरियाचं. त्याला त्याची फार गंमत वाटे. तिकिटांचा नाद मात्र त्याआधीचा. व्हिक्टोरिया राणीची आपली हिंदी तिकिटं त्याला परवडत नव्हती, आणि लायबेरियाची कुणालाच नको असत. पण तेवढंच कारण नव्हतं. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी उभारलेला देश, आपल्या आधी बरोबर शंभर वर्षं स्वतंत्र झालेला. त्यांच्या पहिल्या तिकिटावर ना राजा ना राणी, एक बाई बसली आहे आणि समुद्रात शिडाचं जहाज आहे, हे तो भेटेल त्याला सांगे. वाण्यालाही त्यानं सांगितलं होतं.

ती पहिली तिकिटं १८६० साली लंडनला छापून घेतलेली. सहा सेंट लाल, बारा सेंट निळं, चोवीस सेंट हिरवं. पुढे वीस वर्षं तेच चित्र पुन्हा पुन्हा छापलं गेलं. कधी कागद जाड, कधी पातळ, कधी चित्राभोवती एक जास्तीची रेघ. कुठलं तिकीट कुठल्या छपाईचं हे ओळखायचं म्हणजे भिंग घेऊन तासन्‌तास बसायचं. शरच्चंद्र बसे. इंग्लंडमध्ये लीड्स गावच्या एका शाळामास्तरशी त्याची देवाणघेवाण चाले. हा आपल्या संस्थानांची तिकिटं पाठवी, तो लायबेरियाची.

जुन्या तिकिटांच्या पाठीला आधीच्या मालकांनी डकवलेले कागदाचे कपटे असतात. ते सोडवायला तिकीट कोमट पाण्यात टाकायचं, कपटा सुटला की मऊ कापडाच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तक ठेवायचं. शरच्चंद्रचे हात थोडे थरथरत, म्हणून हे काम त्याची मुलगी नीला करी. गेल्या वैशाखात नीलाचं लग्न झालं, ती नागपूरला गेली, आणि ते काम तिच्या आईकडे, कुंदावहिनींकडे आलं. वहिनींना तिकिटांत रस नव्हता. पण त्यांचे हात हलके होते, आणि नवरा समोर बसून सूचना देत असला तरी त्या शांतपणे करत.

दिवाळीनंतर लीड्सहून जे पाकीट आलं त्यात बारा सेंटांची सहा तिकिटं होती. सगळी मळकट, पाठी कपट्यांनी पूर्ण झाकलेल्या. एकाचा कोपरा फाटला होता म्हणून ते त्यानं बाजूला ठेवलं. बाकीची पाच वहिनींनी धुतली, वाळवली. दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र सकाळीच माझ्याकडे आला, चपला न काढता आत आला, आणि पाचही तिकिटं माझ्यासमोर मांडली.

कागद पिवळा होता. जुनाट पिवळट नव्हे, एकसारखा, फिका, स्वच्छ पिवळा. त्यावरचा निळा रंगही जरा हिरव्याकडे झुकल्यासारखा दिसत होता. त्यानं सगळे कॅटलॉग पाहिले होते. पिवळ्या कागदाचा उल्लेख कुठेच नव्हता.

"मार्तंडा, ही निराळी छपाई आहे," तो म्हणाला. "शंभर वर्षांत कुणाच्या लक्षात आली नाही."

फोर्टात तिकिटं जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. शरच्चंद्र त्याचा जुना सभासद, पण मागच्या रांगेतला. पुढच्या रांगेत बॅरिस्टर, पारशी व्यापारी, एखाददुसरा साहेब. एकदा तिथं कुणीतरी लायबेरियाची तिकिटं म्हणजे पोरांसाठीची चित्रं असं म्हणालं होतं, आणि सगळे हसले होते. ते त्याला लागलं होतं. आता त्यानं चिटणिसांना कळवलं, आणि त्यांचं उत्तर आलं की पुढच्या महिन्याच्या सभेत नवलकरांनी टिपण वाचावं. त्या दिवशी विलायतेहून आलेले, आफ्रिकेच्या तिकिटांचे एक जाणकार गृहस्थही हजर असतील. हे उत्तर त्यानं मला तीनदा तरी वाचून दाखवलं. गल्लीतही सगळ्यांना कळलं. कोट धुवायला गेला.

टिपणाचं इंग्रजी मी सुधारायचं ठरलं. मी सुधारलं. त्याबद्दल त्यानं पाचातलं एक तिकीट पारदर्शक कागदाच्या पाकिटात घालून मला दिलं. मी नको नको म्हणत होतो. तो म्हणाला, "ठेव रे. उद्या माझ्या नावानं कॅटलॉगात येईल तेव्हा आणखी एक मागायला लागलास तर मी द्यायचा नाही." दुसरं एक त्यानं लीड्सच्या मास्तरला पाठवून दिलं होतं.

टिपण परत द्यायला गेलो त्या दिवशी शरच्चंद्र घरी नव्हता. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांत तिकिटं वाळवायचं कापड होतं. ऊन मागून येत होतं म्हणूनच मला दिसलं असावं: कापड पांढरट, पण काठाची जिथं दुमड होती तिथं आतून गडद पिवळं. मी सहज विचारलं. वहिनी म्हणाल्या, हे नीलाच्या हळदीचं पातळ. अंगाला हळद लावताना नेसवलं होतं. टाकवेना, आणि कितीदा धुतलं तरी हळद पुरती जाईना. मग नीला गेल्यावर त्यांनी त्याचे तुकडे केले. जुन्या सुतासारखं मऊ कापड मिळत नाही, तिकिटांना छान होतं.

मी टिपण तिथंच ठेवलं आणि घरी आलो.

वाटेत मी स्वतःला बरंच समजावलं. कापड आता पांढरंच होतं. मी म्हातारा, डोळे अधू, रंगांतलं मला कधीच कळलं नाही. पण हळद ओळखायला काय लागतं हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक असतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच तर करतात. माझी थोरली बहीण वनमालाताई माझ्याकडे राहते, तिला पानाची सवय. ती दुपारी आडवी झाल्यावर तिच्या डब्यातला चुना मी काडीच्या टोकावर घेतला, पाण्यात पातळ केला, आणि शरच्चंद्रनं दिलेल्या तिकिटाच्या अगदी कोपऱ्यात, दातेरी कडेशी, टेकवला.

डास चिरडल्यावर भिंतीवर उमटतो तसा लाल ठिपका उमटला.

मला वाटलं, जेवताना माझ्याच बोटांना हळद लागली असेल. हात साबणानं धुतले, काडी नवी घेतली, दुसऱ्या कोपऱ्यावर लावून पाहिलं. तिथंही लाल. मग वाटलं, जुन्या कागदात काहीतरी असेल, चुन्यानं तसंच होत असेल, मला रसायनातलं काय कळतं. तिकीट पाकिटात घालून मी कपाटात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. ताईनं विचारलं, काही हरवलं आहे का. मी म्हटलं, नाही.

सभा शनिवारी होती. मी सोमवारी जायचं ठरवलं आणि गेलो नाही. मंगळवारी त्याच्या दारापर्यंत गेलो. तो आत टिपण मोठ्यानं वाचून सराव करत होता, ते बाहेर ऐकू येत होतं. माझं धैर्य झालं नाही. त्याला काय सांगायचं? सांगितलं नाही आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तो पुढच्या रांगेत बसेल, सुखी होईल. पण विलायतेचा जाणकार काय चुना लावूनच पाहील असं थोडंच आहे, त्याच्याकडे आणखी चांगले उपाय असतील. भर सभेत कुणी म्हणालं की ही तुमच्या स्वयंपाकघरातली हळद आहे, तर शरच्चंद्र पुन्हा मंडळाच्या जिन्याची पायरी चढणार नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

गुरुवारी गेलो. तो न्हाव्याकडे गेला होता. वहिनी एकट्याच होत्या आणि मला पाहून त्यांनी पाणी आणलं. मी भांडं हातात धरून सगळं बोलून टाकलं. मी इतकं सलग क्वचितच बोललो असेन. वहिनी आत गेल्या, ते कापड घेऊन आल्या, उजेडात धरलं, आणि खुर्चीवर बसल्या.

"भाऊजी, हे मी सांगते ह्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तर तुमच्याशी बोलणं टाकतील. माझ्याशी टाकून जातील कुठे?"

मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. मी उठलोही. पण मग त्यांच्या मांडीवरच्या त्या कापडाकडे पाहिलं आणि पुन्हा बसलो. म्हटलं, चूक मी काढली आहे, मीच सांगतो.

शरच्चंद्र आला तो मानेवरचे केस झटकत. "अरे वा, पाहुणे," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, "असा चेहरा का केलायस? कोण गेलं?"

मी तिकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. लाल झालेले दोन्ही कोपरे दिसत होते. मी सांगितलं. मध्येच अडखळलो, मागचं पुढे सांगितलं, पण कापड, हळद आणि चुना हे तिन्ही शब्द बहुधा नीट ऐकू गेले.

"चुना लावलास?" तो म्हणाला. "माझ्या तिकिटाला?"

"माझ्या," मी म्हणालो. "तू मला दिलं होतंस."

"म्हणून त्याची वाट लावायची?"

मग तो बराच बोलला. चुन्यानं कुठलाही जुना कागद लाल होतो असं म्हणाला. मी लगेच म्हटलं, असेल, मलाही तशी शंका आली होती. त्यानं तो आणखी चिडला. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरलेला माणूस, त्याला सगळीकडे चुकाच दिसणार, असं म्हणाला. मला कधी काही सापडलं नाही म्हणून मला हे सहन होत नाही, असंही म्हणाला. तेही खरं असेल की काय असं मला वाटू लागलं होतं. वहिनी मात्र म्हणाल्या, "भाऊजींना बोलू नका. ते नसते आले तर शनिवारी काय झालं असतं?"

कपाट उघडून त्यानं ते सहावं तिकीट काढलं, कोपरा फाटलेलं, अजून न धुतलेलं. वहिनींना पाणी कोमट करायला सांगितलं. आम्ही तिघं त्या बशीभोवती बसलो. कपटा सुटला. पाठीमागचा कागद मळका होता, पण पिवळा नव्हता. मग शरच्चंद्रनं कात्री मागितली आणि तिकीट मधोमध कापलं. तिकिटाला कात्री लावताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. एक तुकडा त्यानं टिपकागदात ठेवला, दुसरा त्या कापडाच्या घडीत, आणि दोन्हींवर कॅटलॉग ठेवले.

वाळायला वेळ लागतो. वहिनींनी चहा केला. खाली कुणीतरी कल्हईवाल्याशी घासाघीस करत होतं, ते आम्ही ऐकत बसलो. एकदा वहिनी म्हणाल्या, की त्यांनी आधी ते कापड आणखी चार दिवस कडक उन्हात टाकायला हवं होतं.

"तू गप्प बस," शरच्चंद्र म्हणाला. "कापड मऊ हवं, मऊ हवं, असं मीच तुझ्या डोक्याशी बसलो होतो. रंग मी पाहायचा होता. भिंग माझ्याकडे होतं."

मग त्यानं दोन्ही कॅटलॉग उचलले. टिपकागदातला तुकडा मळकट पांढरा होता. कापडातला पिवळा. त्यानं दोन्ही शेजारी ठेवले, भिंग घेतलं, आणि भिंग तसंच हातात ठेवून नुसत्या डोळ्यांनीच पाहत राहिला. त्याला भिंगाची गरज नव्हती.

"तुला केव्हा कळलं?" त्यानं विचारलं.

"रविवारी."

"आणि आज गुरुवार. काय करत होतास?"

"घाबरत होतो," मी म्हणालो.

त्यावर तो थोडासा हसला, किंवा मला तसं वाटलं. मग म्हणाला, चिटणिसांना कळव, नवलकरांना ताप आला आहे. कोट धोब्याकडून आणू नका, असंही वहिनींना सांगितलं. मी कागद घेतला. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. त्याला हसं नको होतं आणि मलाही ते पाहायचं नव्हतं. मी तारीख घातली, मायना लिहिला.

"थांब," तो म्हणाला. "लीड्सला एक गेलंय."

मी थांबलो.

"त्या मास्तरला काय कळवू? मला ताप आला म्हणून? तो बिचारा ते दहा जणांना दाखवेल. नाव माझंच सांगेल. उद्या तिथल्या मासिकात येईल, मग कुणी कुठे शोधायची मुलुंडची हळद?" त्यानं टिपण माझ्यासमोर टाकलं. "ते शीर्षक खोड आधी."

अंधार पडेपर्यंत आम्ही ते नव्यानं लिहिलं. पहिलं टिपण चार पानी होतं, हे पाऊण पानात संपलं. मी ‘बहुधा’ हा शब्द दोन ठिकाणी घातला होता, तो त्यानं दोन्हीकडून काढला. वहिनींचं नाव घालू नये असं मी सुचवलं. तो म्हणाला, नाव नाही घालत, पण कापड कुठलं ते घालणार; मुलीच्या हळदीचं पातळ असं लिहिलं नाही तर साहेबाला कळणार कसं की असलं कापड कुणाच्याही घरी असू शकतं.

शनिवारी मी मागच्या रांगेत बसलो. शरच्चंद्रला पुढे बोलावलं होतं. त्याचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की चिटणिसांनी त्याला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मुलीच्या लग्नातलं कापड म्हटल्यावर खसखस पिकली. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघंही हसले. शरच्चंद्र थांबला. मला वाटलं, आता बसतो. तो बसला नाही. त्यांचं हसून होईपर्यंत कागदावर बोट ठेवून उभा राहिला आणि मग तिथूनच पुढे वाचलं. शेवटी त्यानं कापलेले दोन्ही तुकडे एका काळ्या पुठ्ठ्यावर लावून फिरवायला दिले, आणि माझं लाल कोपऱ्यांचं तिकीटही. त्याच्या शेजारी त्यानं माझं नाव लिहिलं होतं. मला ते आधी सांगितलं नव्हतं. मी खाली पाहिलं.

विलायतेचे गृहस्थ उंच आणि मितभाषी होते. त्यांनी पुठ्ठा बराच वेळ पाहिला. त्यांनी विचारलं, हा रंग उन्हात उडतो का, आणि उडाला तर छपाईची निळी शाई टिकते का. सगळे शरच्चंद्रकडे पाहू लागले. मी इतक्या वर्षांत त्याला एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नाही असं पाहिलं नव्हतं. येत नसेल तरी तो देत असे.

"ठाऊक नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "करून पाहतो आणि कळवतो."

त्या गृहस्थांनी आपला पत्ता लिहून दिला. कापडाचा एक तुकडा मिळेल का, असंही विचारलं. पुढच्या रांगेतले ते दोघे आता हसत नव्हते. एक जण दुसऱ्याला विचारत होता की आपली तिकिटं घरी कोण धुतं.

घरी गेलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. शरच्चंद्रनं कोट काढून खुर्चीवर टाकला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "हसले."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"हसू देत. तुझ्या कापडाचा तुकडा मागितलाय त्या साहेबानं. विलायतेला नेणार आहे."

"नीलाच्या पातळाचा?" वहिनी म्हणाल्या. त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला. मग त्या आत गेल्या आणि कात्री अन्‌ कापड घेऊन आल्या. पदर खोचून खाली बसल्या, कापड गुडघ्यावर पसरलं, बोटानं माप घेतलं. पाहुण्याला द्यायचं म्हणून त्यांनी डागांची जागा टाळून चांगला स्वच्छ चौकोन निवडला. कात्री लावण्याआधी त्यांनी वर पाहिलं.

"असाच कसा द्यायचा परक्या माणसाला?" त्या म्हणाल्या. "जरा साबण लावून धुऊन देऊ का?"

आम्ही दोघं एकदमच नको म्हणालो.